एक भाग म्हणजे किती

"पपईत पोटॅशियम दोनशे साठ, रसात एकशे पंच्याहत्तर," सून म्हणाली. "आई, आता आकड्यांशी तरी वाद घालू नका."

टेबलावर मी कापलेल्या पपईची वाटी होती आणि तिने आणलेली भाज्यांच्या रसाची बाटली. मध्ये हे बसले होते, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

ह्यांची मूत्रपिंडं थकली आहेत. पोटॅशियम नावाचा क्षार अंगात साठला तर हृदय चालता चालता थांबेल, असं डॉक्टरांनी मागच्या महिन्यात आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. तशी वेळ माझ्यामुळेच आली होती. अशक्तपणा वाटतो म्हणाले, म्हणून मी चार दिवस नारळपाणी पाजलं. पाचव्या दिवशी ह्यांना उचलून न्यावं लागलं. तेव्हापासून ह्यांच्या खाण्यापिण्यात माझा शब्द चालत नाही.

"दोन्हींतलं एकच मिळेल," सून म्हणाली. "आणि रसात मीठही कमी आहे. बघा ना, केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"मला पपई हवी होती," हे पुटपुटले.

"बाबा, हट्ट नको."

तिने पेला भरला. ह्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचं असतं, म्हणून त्या पेल्यावर अडीचशे मिलीला नखपॉलिशची लाल रेघ ओढलेली आहे. रस बरोबर रेघेला टेकला.

मी बाटली ओढून घेतली. मला भरभर वाचता येत नाही. शब्दाखाली बोट ठेवावं लागतं, आणि कुठला गाळायचा ते कळत नसल्यामुळे मी सगळेच वाचते.

"झालं, शाळा भरली," हे म्हणाले. "हिची बाराखडी संपेपर्यंत रस आंबेल." आणि त्यांनी पेला तोंडाला लावला.

"एका... भागात," मी वाचलं. "एका भागात पोटॅशियम एकशे पंच्याहत्तर मिलिग्रॅम."

"मग मी काय सांगत होते?"

"भाग म्हणजे किती गं?"

"एका वेळचं, आई. एक पेला."

ह्यांनी घोट घेतला. माझं बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथे अक्षरं मुंगीएवढी होती.

"एक भाग म्हणजे... पन्नास मिली."

दुसरा घोट उतरला.

"पन्नास! अहो, पेला ठेवा खाली!"

माझा एवढा आवाज ह्या घरात कुणी ऐकला नव्हता. हे दचकले, रस सदऱ्यावर सांडला. सुनेने पेला हिसकावून घेतला. पाच भाग होते त्यात. आठशे पंच्याहत्तर. ती बोटांवर मोजत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

तिने दवाखान्यात फोन लावला. नर्सने विचारलं, "नक्की किती प्यायले?"

उरलेला रस आम्ही मापाच्या भांड्यात ओतला. भांडं मी धरलं, आकडा सुनेने वाचला. एकशे नव्वद भरला.

"म्हणजे फार तर साठ मिली पोटात गेलं," नर्स म्हणाली. "दोनशे दहा मिलिग्रॅम. आता नाडी बघा."

मी मनगट धरलं. सून घड्याळाकडे बघून "आता" म्हणाली, आणि त्या एका मिनिटात कुणी हललं नाही. बहात्तर ठोके पडले. एकही चुकला नाही.

"चालेल. छातीत धडधडलं तर लगेच आणा, नाहीतर उद्या सकाळी रक्ततपासणीला या. आणि ती बाटली पुन्हा नको. मीठ कमी करतात ना, तेव्हा चवीला पोटॅशियमचाच क्षार घालतात."

फोन ठेवून सून खुर्चीत बसली. "आई, मी मोठी अक्षरंच वाचली," ती म्हणाली. मी तिच्यापुढे पाणी ठेवलं. नारळपाण्याच्या दिवसांत मी पथ्याच्या कागदावरची तेवढीही वाचली नव्हती.

"दोनशे दहा," हे हिशेब करत म्हणाले. "मग पपईच्या दोन फोडी तरी बसतील ना?"

"नाही!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

ते ओला सदरा चिमटीत धरून वाटीकडे बघत राहिले. सुनेने वाटी उचलून फ्रिजमध्ये ठेवली, बाटली माझ्या हातातून घेतली, आणि ती मुंगीएवढी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. शब्दाखाली बोट ठेवून.