डंपी अस्वलाला दहापैकी नऊ

बालविकासाच्या तासाला लाहती बाईंनी गृहपाठ दिला. एखादं कार्टून लहान मुलाशेजारी बसून बघायचं, मूल काय बोलतं ते टिपायचं, मग पुस्तकातले सिद्धान्त लावून कार्टूनला दहापैकी गुण द्यायचे. अट एकच: निरीक्षण करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

कायसाला लॉटरीच लागली! मूल घरातच होतं, तिची साडेचार वर्षांची बहीण ब्रिटा. आणि ब्रिटा गेले तीन महिने कार्टूनचा एकच भाग बघत होती. डंपी अस्वल थंडीत गुहेत आडवा होतो, मित्र हाका मारतात, ढोल बडवतात, पण हा ढिम्म! मग बर्फ वितळतो आणि डंपी जांभई देत बाहेर येतो.

त्यांची आई जानेवारीत गेली. चांगली धडधाकट होती, मेंदूत रक्तस्राव झाला. मिनेसोटाच्या त्या टोकाला जानेवारीत जमीन गोठून नुसता दगड. म्हणून शवपेटी दफनभूमीच्या कोठीत ठेवली, पुरायची मे महिन्यात. सांत्वनाला हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाचं, भांडं घेऊन येणारी प्रत्येक शेजारीण दारातच विचारायची, "मग, बर्फ वितळल्यावर ना?" डॅड मान हलवायचा. "हो. बर्फ वितळला की आईकडे जायचं."

ब्रिटाला याहून जास्त कुणी काही सांगितलं नव्हतं. लहान आहे, तिला काय कळतंय!

कायसा वही घेऊन सोफ्यावर बसली.

"काय लिहितेस गं?"

कायसा गप्प.

"मुकी झालीस? बरं झालं." ब्रिटाने पाय हलवत पडद्याकडे बोट दाखवलं. "बघ, उठला. भूक लागली असेल त्याला. आईला पण लागेल."

कायसाने झरझर लिहिलं: 'दोन ते सात वर्षं. मेलेलं माणूस परत येतं असं मूल मानतं. वयाला धरून आहे. कार्टून निसर्गचक्र सोपं करून सांगतं. गुण नऊ.' काय झकास वाक्य जमलं होतं!

"मी सिरप लपवून ठेवलंय," ब्रिटा कुजबुजली. "डॅड सगळं संपवतो. शनिवारी आई उठली की पॅनकेक."

पेन थांबलं. शनिवारी दफन होतं. ब्रिटा नवा फ्रॉक घालून, पेटीचं झाकण कधी उघडतंय याची वाट बघत उभी राहणार होती.

कायसा स्वयंपाकघरात धावली. "डॅड, तिला वाटतंय आई शनिवारी उठणार आहे!"

डॅड एकच ताटली घासत राहिला. "तूच सांग बेटा," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला शिकवतात ना हे?"

कायसाने सोफ्यावर परत येऊन ब्रिटाला सांगितलं. साध्या शब्दांत, पुस्तकात लिहिलं होतं तसं. आई मेली. तिचं शरीर बंद पडलं. ती उठणार नाही.

"पण बर्फ तर वितळला की!"

"हो."

"मग डंपी कसा उठला?"

"डंपी मेला नव्हता, ब्रिटा. नुसता झोपला होता."

ब्रिटा पडद्याकडून तिच्याकडे वळली.

"तुला कधीपासून माहितीये?"

"जानेवारीपासून."

"डॅडला?"

"त्यालाही."

"शेजारच्या एल्माला?"

"सगळ्यांनाच, ब्रिटा."

ब्रिटा रडली नाही. तिने आपली उशी उचलली आणि सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. कायसा जवळ सरकली, तशी ती उशी घेऊन खाली जमिनीवर उतरली.