ट्रकखालचा पुठ्ठा

ट्रक उभा करतो तिथे मी खाली एक पुठ्ठा अंथरून ठेवतो. सकाळी ट्रक बाहेर काढला की आधी पुठ्ठा बघायचा. तो कोरडा असला की पहिला चहा गोड लागतो.

बायको गेल्यावर काही महिन्यांनी पुठ्ठ्यावर डाग पडायला लागले. आधी बोराएवढे, मग बशीएवढे. मी पुठ्ठे बदलत राहिलो. पीठगिरणीची पोती पोचवायचं काम रोजचं असतं, त्यामुळे तेल कमी झालं की वरून ओतायचं आणि निघायचं, असं चाललं होतं.

मुलगी चार दिवस राहायला आली आणि तिने दुसऱ्याच सकाळी पुठ्ठा बघितला.

"बाबा, हा ट्रक रडतोय."

"रडू दे. घरात कुणीतरी मोकळेपणाने रडतंय."

हे मी सहज बोलून गेलो, पण तिचा चेहरा बदलला. मग तिने नेहमीचा विषय काढला. ट्रक विका, आमच्याकडे चला. तिचं घर चांगलं आहे. जावई तर माझ्याशी माझ्या मुलीपेक्षा गोड बोलतो. पण तिथे मी खुर्चीत बसणार आणि येणारा-जाणारा मला विचारणार, काका, काही हवंय का? इथे सकाळी उठून किल्ली फिरवली की मी कोण आहे ते मला कळतं.

बराच वाद झाला. शेवटी ती म्हणाली, "बारक्याला बोलवा. त्याने इंजिन उतरवावं लागेल म्हटलं, तर ट्रक भंगारात आणि तुम्ही माझ्याबरोबर. नाही म्हटलं, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. रागाच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

बारक्या आमचा मेकॅनिक. तो लहान असताना हे नाव पडलं असेल. आता तो ट्रकखाली शिरला की ट्रक जॅकवर चढवल्यासारखा वाटतो. आल्या आल्या तो खाली सरपटला, टॉर्च मारला आणि तिथूनच बोलला.

"काका, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून टपकतंय. मागचं सील गेलं."

"म्हणजे?" मुलीने विचारलं.

"म्हणजे ताई, इंजिन उतरवायचं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "बारक्या, इंजिन वरपासून खालपर्यंत तेलाने माखलंय. यात तुला सील कुठलं आणि काय कुठलं, हे दिसलं तरी कसं? छप्पर गळतं तेव्हा पाणी पलंगावर पडतं, म्हणून भोक काय पलंगाला असतं?"

"काका, तुम्ही काही हार मानायचे नाही."

"आधी धुऊन बघ."

त्याने कुरकुर केली, पण धुतलं. डिझेल आणि ब्रश घेऊन आम्ही दोघांनी इंजिन घासलं, पुसलं, वाळू दिलं. ट्रकला इतकं स्वच्छ मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग बारक्या म्हणाला, आता यावर पावडर मारू. पांढऱ्यावर तेलाची वाट चटकन दिसते. मुलीच्या पिशवीत, आत झोपलेल्या नातीच्या पावडरचा डबा होता. बारक्याने तो सढळ हाताने जवळजवळ रिकामा केला. सगळीकडे तान्ह्या बाळाचा वास सुटला.

"आता काजळाची तीट लावा," मुलगी म्हणाली.

इंजिन चालू करून आम्ही वाट बघत उभे राहिलो. काही नाही. पावडर तशीच पांढरी.

"रेस द्या काका," बारक्या खालून ओरडला. "उभ्या गाडीत गळत नाही, चढावर गळत असेल."

मी केबिनमध्ये बसून ऍक्सिलरेटर दाबला. बारक्या खाली टॉर्च धरून होता आणि मुलगी बंपरवर चढून उघड्या बॉनेटमधून इंजिनच्या मागच्या बाजूला वाकून बघत होती. थोड्या वेळाने तीच किंचाळली.

"बाबा, वर! इथे वर आहे! बघा, बघा, ओघळ!"

आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ती त्या क्षणी साफ विसरली होती.

इंजिनाच्या डोक्यावर टॅपेटचं झाकण असतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून तेल झिरपत होतं. पावडरमधून एक तपकिरी रेघ खाली उतरून बरोबर त्या जोडापाशी पोचली होती. जोडाच्या बाकीच्या घेरावर पावडर कोरडी होती.

"सील ठणठणीत आहे," बारक्या म्हणाला. "झाकणाचं पॅकिंग गेलंय."

मी इतक्या जोरात हसलो की माझं मलाच नवल वाटलं. पण बारक्या हसत नव्हता.

"काका, हे पॅकिंग मीच बदललंय. इतक्यात जायला नको." इंजिन चालू ठेवूनच त्याने तेल ओतायचं बूच सैल केलं. बूच हातात उडालं आणि गरम वाफ भस्सकन त्याच्या तोंडावर आली. "आत दाब कोंडलाय. नवं पॅकिंगही तो असाच बाहेर ढकलणार. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील."

"आणि रिंगा बदलायच्या तर?" मुलीने हळूच विचारलं.

बारक्याने माझ्याकडे बघितलं. "इंजिन उतरवायचं."

म्हणजे पुन्हा तिथेच. मी फडक्याला हात पुसत बसलो. हात स्वच्छ होते तरी पुसत होतो.

"ब्रीदर तर साफ आहे ना?" बारक्याने जाता जाता विचारलं. "तो तुंबला तरी असा दाब होतो."

"तो साफच असतो," मी म्हणालो.

"कोण करतं?" मुलगी म्हणाली.

"ही करते."

माझ्या तोंडून 'करते' असंच गेलं. मुलगी बंपरवरून उतरली आणि मागच्या मोरीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक पोचे पडलेला पत्र्याचा डबा होता.

"आई यात जाळी भिजवायची ना? पडदे धुवायच्या दिवशी?"

हो. इंजिनातली कोंडलेली हवा ज्या टोपीतून बाहेर पडते, त्या टोपीत तारेची जाळी असते. केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो म्हणून हिने एकदा ती माझ्याकडून काढून घेतली आणि पडद्यांच्या सोड्यात धुतली. तेव्हापासून ते तिचंच काम झालं. मला जाळी धुतलेली मिळायची, मी बसवायचो. ती गेल्यापासून पडदेही कुणी धुतले नव्हते.

बारक्याने टोपी उघडली. जाळी डांबराच्या गोळ्यासारखी झाली होती. त्याने फुंकर मारून बघितली, गाल फुगले, पण पलीकडे वारा गेला नाही.

"श्वासच कोंडला होता बिचाऱ्याचा," तो म्हणाला.

"दे इकडे, मी धुतो," मी म्हणालो. पाणी तापवलं, पण सोडा किती घालायचा हे कुठे माहीत होतं?

"मूठभर," मुलगी म्हणाली. "आणि उगाच घासू नका, ती भिजू द्यायची."

जाळी भिजेपर्यंत बारक्याने नवं पॅकिंग बसवलं. मग धुतलेली जाळी टोपीत बसवली, इंजिन पुन्हा पुसलं आणि नातीची उरलीसुरली पावडर मारली. मी पोती भरून गिरणीच्या चढावर दोनदा जाऊन आलो. बारक्या बाजूला बसला होता आणि सगळा वेळ इंजिनाला कान लावून होता. परतलो तेव्हा पावडर पांढरीच होती. इंजिन चालू ठेवूनच त्याने बूच सैल केलं. ते जागचं हललं नाही.

"रिंगांची आठवण अजून बरीच वर्षं काढू नका," तो म्हणाला आणि चहाला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रक बाहेर काढेपर्यंत मुलगी येऊन उभी होती. तीच खाली बसली. तिने नव्या पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला, मग हात उजेडात धरून बघितला. थोडी पावडर लागली होती, बाकी काही नाही.

"कोरडा," ती म्हणाली. तिच्या आवाजात हरल्याचं दुःख फारसं जाणवलं नाही.

"मग विषय बंद?"

"ट्रकचा बंद. पडद्यांचा नाही. काढा सगळे खाली, मी आहे तोवर धुऊन टाकू."

मी स्टूल आणायला आत गेलो.