दवाखान्याच्या दारातले पायपुसणे

मित्रांनो, माझ्यावर पाय दिल्याशिवाय कोणी आत जात नसे आणि माझ्याकडे बघून मात्र कोणीच जात नसे. मी काथ्याचे एक जुने पायपुसणे आहे.

नारळाची सोडणे कुजवून, झोडपून माझा काथ्या निघाला. एका बाईने तो मांडीवर वळला. वळताना ती बाळाला अंगाई म्हणत होती, म्हणून असेल, पण मी जरा मऊच निपजलो. मला दवाखान्याच्या दारात टाकले. वर पाटी होती, ‘चपला बाहेर काढाव्यात.’ खाली मी.

सुरुवातीला माझे कौतुक झाले. झाडणारी मावशी मला उन्हात आपटून म्हणायची, “हे आहे म्हणून माझी कंबर शाबूत आहे!” मलाही नियम आवडायचा. बाहेरची घाण आत का न्यायची? पण हळूहळू कळले की नियम सगळ्या पायांना सारखा नव्हता. डॉक्टरांचे बूट टकटक करत आत जात. नावे लिहून घेणाऱ्या, टेबलावरच्या बाई जाड टाचांच्या सँडल घालून दिवसभर फिरत. अनवाणी फक्त आजारी माणसे.

एक आजी नातीचा हात धरून यायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, पाय बधिर झाले होते. डॉक्टरांनी माझ्यासमोरच बजावले होते, “आजी, अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही. लागलं तरी तुम्हाला कळणार नाही.” पुढच्या खेपेस आजी मऊ तळाच्या नव्या चपला घालून आल्या आणि तशाच दारातून आत शिरल्या.

“ओ आजी! पाटी दिसत नाही का?” टेबलावरच्या बाई ओरडल्या.

“डॉक्टरकाकांनीच सांगितलंय घालायला,” नात म्हणाली.

“फार बोलते गं पोर! नियम म्हणजे नियम.”

बाकावरचे एक गृहस्थ पुटपुटले, “आम्ही काय वेडे म्हणून काढल्या?”

नात पुन्हा तोंड उघडणार, तोच आजींनी तिचा हात दाबला. “राहू दे बाळा, चारचौघांत शोभा नको.” त्या मागे वळल्या, भिंतीला टेकून एकेक चप्पल काढली, माझ्यावर पाय नीट पुसले आणि आत गेल्या. इतके हळुवार पाय माझ्यावर कधी पडले नव्हते.

त्याच सकाळी इंजेक्शनची एक बाटली फुटली होती. मावशीने काच झाडली होती, तरी बाकाच्या पायाशी एक तुकडा राहिलाच. बुटांना तो काय टोचणार!

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, “छान, साखर उतरलीय,” म्हणाले. टेबलाखाली त्यांनी पाहिले नाही. आजी हसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्यावर पाय टेकला आणि माझा काथ्या ओला झाला. मी किंचाळलो असतो, पण पायपुसण्याला तोंड कुठे असते? आजींनी चपला चढवल्या आणि नातीला गोष्ट सांगत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, “शी, कसला डाग हा! फेका ते.” मावशीने मला फेकले नाही. दाराशेजारच्या गळक्या नळाखाली अंथरले. डाग कुठून आला, हे मात्र कोणी विचारले नाही.

बऱ्याच दिवसांनी आजी आल्या. चाकाच्या खुर्चीत. एका पायात तीच मऊ चप्पल होती. दुसऱ्या बाजूला नुसतेच लुगड्याचे काठ लोंबत होते. दाराशी येताच नात वाकली आणि चपलेचा पट्टा सोडू लागली.

“अगं, असू दे, असू दे,” टेबलावरच्या बाई लगबगीने उठल्या. “त्यांना चालतं.”

नातीने वर पाहिले. “आता?”

बाईंनी मान वळवली. पाटी आजही तिथेच आहे.

मित्रांनो, चपला जरूर बाहेर काढा, पाय पुसा, दुसऱ्याची फरशी आपली माना. पण कोणाचा हात चपलेच्या पट्ट्यापाशी अडखळला, तर ओरडू नका. आधी जवळ जाऊन विचारा. आणि ज्या जमिनीवर तुम्ही लोकांना अनवाणी चालायला लावता, तिच्यावर एकदा स्वतःच्या उघड्या पायांनी चालून बघा.