पाठमोरा

भैयालालने डोक्याचा पंचा ओढून काढला, छाती पिटली आणि तो जमिनीवर कोसळला. उकव्याच्या शाळेतल्या एका खोलीत सिनेमाचं काम चाललं होतं. कॅमेऱ्यामागून सिनेमा काढणारी दीपिका हळूच म्हणाली,

"अंकल, थोड़ा ज़्यादा हो गया. घर में जैसे रोते हैं, बस वैसे."

"जी, मैडम."

तो उठला, गुडघ्यांवरची धूळ झाडली आणि पुन्हा कोसळला. या वेळी हुंदका जरा लांबवला. दीपिकाने सोबतच्या माणसाकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली.

वीसेक वर्षं भैयालाल मुंबईत होता. सिनेमात कधी हवालदार, कधी ड्रायव्हर, कधी कोर्टातला शिपाई व्हायचा. एका सिनेमात त्याला दोन वाक्यं मिळाली होती. तो बालाघाटच्या टॉकीजला लागला तेव्हा वॉर्डातली माणसं मुद्दाम बघायला गेली. पण भैयालाल पडद्यावर येऊन गेल्याचं बहुतेकांना कळलंच नाही. गुडघे बोलायला लागले तसा तो घरी परतला. आणि आता सिनेमावालेच इकडे आले होते. खाणीत मेलेल्या पोराची गोष्ट होती. बापाला एक अख्खा प्रसंग होता. महिनाभर तो घरात आरशासमोर रडत होता. त्याची बायको संघमित्रा तेवढा वेळ परसात जाऊन बसायची.

आज बसमधून उतरताना आधार हवा म्हणून ती सोबत आली होती. दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दीपिकाचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"आंटी, आप इनके साथ बैठेंगी? कुछ करना नहीं है. एक आदमी आएगा, बोलेगा कि बेटा नहीं रहा. बस."

"मैडम, इनसे नहीं होगा," भैयालाल घाईने म्हणाला.

त्याचं कारण त्याने सांगितलं नाही. त्यांचा मुलगा राहुल बैहरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्या दिवशी भैयालाल मुंबईत हवालदाराच्या कपड्यांत उभा होता. सेटवर फोन बंद ठेवायला लावले होते. तो घरी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्या दिवसाबद्दल त्याने कधी विचारलं नाही आणि संघमित्रानेही कधी सांगितलं नाही.

"राहू दे," तो तिला म्हणाला. "तू बस तिथंच."

"बसाचंच तर हाय," ती म्हणाली आणि पिशवी बाजूला ठेवून उठली.

संघमित्रा चटईवर बसली, भैयालाल शेजारी फरशीवर. दारात एक माणूस आला आणि त्याने आपलं वाक्य म्हटलं. भैयालालने तोंडावर हात घेतले. बोटांच्या फटीतून त्याला दिसलं, संघमित्रा रडत नव्हती. ती उठली होती. तिने चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. पाण्याची बादली दाराबाहेर नेऊन ठेवली. मग मधला लाकडी बाक दोन्ही हातांनी धरून ती भिंतीकडे ओढू लागली. बाक जड होता. फरशीवर त्याचे पाय खरडत होते. ती थांबे, श्वास घेई आणि पुन्हा ओढे. खोलीचा मधला भाग मोकळा झाला तशी ती दाराजवळ जाऊन रस्त्याकडे पाहत उभी राहिली.

भैयालालचे हात तोंडावरून कधी खाली आले, त्याला कळलं नाही.

दीपिका म्हणाली, "एक बार और करेंगे. अंकल, आप इधर पीठ करके बैठिए. चेहरा आंटी का रखेंगे."

कोणी बाक जागेवर आणत होतं, कोणी चटई अंथरत होतं. भैयालाल कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला. संघमित्रा त्याच्या समोर होती.

"असंच केलतं का तवा?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

तिने पदर सारखा केला.

"घर लहानसं आपलं. त्याले ठेवाले जागा नोयती. दिवाण एकटीनंच सरकवला मी."

"शेजारचं कोणी…"

"मंग आले सारे."

दीपिकाने खूण केली. दारात तोच माणूस आला आणि तेच वाक्य बोलला. संघमित्रा उठली. चटई गेली, बादली गेली. ती वाकून बाक ओढू लागली.

बापाने बसूनच राहायचं, असं ठरलं होतं. भैयालाल गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याने बाकाचं दुसरं टोक धरलं.