दहाच्या दहा चौकोन

माझ्या बापानं दहाच्या दहा चौकोनांवरचा बर्फ काढला आणि मी ते वहीत जसंच्या तसं लिहिलं. एवढाच माझा गुन्हा. ऐका आणि तुम्हीच सांगा, काय चुकलं ते.

मी राजश्री, नागपूरची. कार्डिफच्या एका युनिव्हर्सिटीत टेक्निशियन आहे. उत्तरेला डोंगरात बर्च झाडांचं जंगल आहे, तिथे आम्ही जमिनीवर दहा चौकोन आखलेत. पाचांवर पडलेला बर्फ तसाच ठेवायचा, पाचांवरचा फावड्यानं काढायचा. बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी हो! ती अंगावर असली की खालची माती गोठत नाही, झाडांची बारीक मुळं जगतात. हल्ली बर्फच कमी पडतो. मग उघडी माती थंडीनं कडक होते आणि मुळं मरतात. किती मरतात, ते मी मे महिन्यात चाळणीत माती धुऊन, चिमट्यानं एकेक मूळ वेचून मोजते.

या वर्षी बर्फ एकदाच पडला, जानेवारीत. बाबा, म्हणजे यादवराव, तीन महिन्यांसाठी आले होते. रिटायर्ड लाइनमन, वय बहात्तर. घरात बसतील तर शपथ! आले सोबत जंगलात. "लाल झेंडीवाले पाच," असं सांगून त्यांच्या हातात फावडं दिलं आणि मी खालच्या बाजूला थर्मामीटर बघायला गेले. तिथे फोनवर बोलत बसले, खोटं कशाला सांगू. वर आले तर दहाही चौकोन लख्ख! तुलनेला बर्फाखालचा एकही उरला नाही.

"बाबा, हे काय केलंत!"

"अर्धं काम टाकून येऊ काय?" घाम पुसत म्हणाले. "तुला वाकावं लागू नये म्हणून उरलेलेही करून टाकले."

त्यानंतर आठ दिवस हाडं गोठवणारी थंडी. मातीत कुदळ शिरेना.

माझा बॉस परीक्षित, पुण्याचा. त्याचा फोन आला तो मी स्पीकरवर घेतला. "अगं राजश्री, त्यात काय एवढं? लिही, बर्फ आपोआप वितळला. हू विल नो? तुझं कॉन्ट्रॅक्ट या विंटरच्या डेटावर आहे, आणि व्हिसा कॉन्ट्रॅक्टवर. जरा प्रॅक्टिकल हो."

बाबांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाले, "लिहून टाक ना, बाई. माझ्यापायी नोकरी काहून घालवून राहिली?"

माझं डोकंच फिरलं. अपघाताच्या खोट्या रिपोर्टवर सही केली नाही म्हणून तीन बदल्या सोसलेला माणूस मला खोटं लिही म्हणत होता! मी रडले, भांडले, आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहिलं: बर्फ माझ्या वडिलांनी फावड्यानं काढला. लक्ष नव्हतं माझं, चूक माझी.

मे महिन्यात मुळं धुतली. दहाही चौकोनांत एकच हाल. मागची तीन वर्षं बर्फाखाली जेवढी मुळं जगली, त्याच्या निम्मीही यंदा जिवंत नव्हती. काळी पडलेली, चिमट्यात तुटत होती. परीक्षित मात्र खूश! आता तर त्याला वहीतली ती ओळ नकोच होती. "नॅचरल स्नो लॉस! पेपर केवढा मोठा होईल! आणि बर्फाविना मुळं मरतात, हा मुद्दा तर खराच आहे ना?"

"खरा आहे म्हणूनच त्याला खोट्याचा टेकू नको," मी म्हटलं. "उद्या कुणी वही उघडली, तर आधीची तीन वर्षंही लोक खोटी म्हणतील."

जूनमध्ये बर्मिंगहॅमला, ग्रँट देणाऱ्यांसमोर, त्यानं स्लाइड लावली: बर्फ वितळला. मी मागच्या रांगेत होते. उठून उभी राहिले. "वितळला नाही, काढला. यादवराव रामटेके यांनी, फावड्यानं. ते माझे वडील. मेलेली मुळं खरी आहेत, स्लाइडवरचं कारण खोटं आहे." परीक्षितनं मान लॅपटॉपमध्ये घातली.

परतीच्या ट्रेनमधून बाबांना नागपूरला फोन लावला. डबा भरलेला, म्हणून दबक्या आवाजात बोलत होते.

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"आणि नोकरी?"

"कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही म्हणाला. सप्टेंबरपर्यंत आहे."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"आडनावासकट?"

"आडनावासकट, बाबा."

"मग हळू काहून बोलून राहिली?" ते म्हणाले. "जोरात बोल."