ढेमसी फळीवर

"नाही म्हणजे नाही, शरयूताई. वाटी घेऊन आल्या पावली परत जा."

शकुबाई दारात आडव्या उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, दुसरा कमरेवर. शेजारच्या शरयूताई दही-साखरेची वाटी घेऊन भल्या सकाळी आल्या होत्या. असं स्वागत होईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काहून वो? पोरगी परीक्षेले चालली अन् हातावर दही-साखर नाही? अपशकुन असते तो."

"मागच्या टायमालेही तुमीच देली होती. काय झालं माहीत हाये ना?"

शरयूताईंना माहीत होतं. साऱ्या गल्लीला माहीत होतं. तेवढ्यात ज्या पोरीची परीक्षा होती तिने शकुबाईंच्या पायांमधून नाक बाहेर काढलं, वाटीचा वास घेतला आणि शेपटी हलवली. शकुबाईंनी गुडघ्यानेच तिला आत ढकललं.

पोरगी म्हणजे ढेमसी. तांबूस रंगाची गावठी कुत्री, एक कान उभा, एक पडका. शकुबाई हिंदी मुलखातल्या या शहरात, अधारताल भागातल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या आणि तिथल्या भटारखान्यामागे ही त्यांना पिल्लू असताना सापडली होती. तेव्हा ती इतकी गोल गरगरीत होती की त्यांना अमरावतीच्या माहेरची ढेमशाची भाजी आठवली आणि तेच नाव पडलं. मुलगी मोनाली लग्न होऊन इंदूरला गेली. नवरा गुणवंतराव, पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवणारा गरीब माणूस, त्याला शुगर निघाली. मग शकुबाईंच्या हातची सगळी माया एकाच ताटलीत पडू लागली.

ढेमसी तरीही उडी मारायची ती अशी, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. लष्कराच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले तिवारीजी सकाळी मैदानावर लोकांच्या कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवत. एकदा ढेमसी दोरी सोडवून पळाली आणि त्यांचे सगळे अडथळे कोणी न सांगता ओलांडून आली. तिवारीजींनी शकुबाईंना तिथेच थांबवलं. "बहनजी, इसे कल से लेकर आइए."

जानेवारीत पहिली स्पर्धा झाली. निघताना शरयूताईंनी दही-साखर दिली, समोरच्यांनी दिली, कोपऱ्यावरच्यांनीही दिली. रिकाम्या पोटी कोणाला घराबाहेर पाठवायचं नाही, या शिस्तीत वाढलेल्या शकुबाईंनी वरून दोन तूप-पोळ्या कुस्करून घातल्या. मैदानात ढेमसी लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखी जड पावलांनी धावली. मग आली डुलती फळी. मुलांच्या बागेत सी-सॉ असतो तशीच. कुत्र्याने एका बाजूने चढायचं, मध्यावर आलं की फळी पलीकडे कलते, टोक जमिनीला टेकलं की उतरायचं.

शकुबाई बाजूने धावत होत्या आणि ओरडत होत्या, "सांभाळ गं माय! पडशील! पडशील गं!"

ढेमसी मध्यावर थबकली. वळून शकुबाईंकडे पाहू लागली. फळी कलली, ती बाजूला घसरली आणि फळीचं टोक तिच्या कानाजवळ धाडकन आदळलं. लागलं काहीच नाही, पण लोक हसले. "आंटी, घर ले जाइए, सो जाएगी," असं कोणी तरी म्हणालंसुद्धा.

लोक हसले त्याचं शकुबाईंना काही नव्हतं. पण त्या दिवसापासून झाकण पडलं तरी ढेमसी पलंगाखाली जाऊ लागली. कुकरची शिट्टी झाली तर अर्धं जेवण टाकून पळायची. झोपेतही दचकायची. माझ्या हाताने मी लेकराची हिंमत घालवली, हे शकुबाईंच्या मनाला लागलं ते लागलंच. कप नको, पदक नको. ही पहिल्यासारखी झाली पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या तिवारीजींकडे गेल्या.

"कुत्ती में कोई कमी नहीं है," तिवारीजी म्हणाले. "खाली पेट मत लाइए, हल्का पेट लाइए. और ये बताइए, आप चिल्ला क्या रही थीं?"

"सांभाळ म्हटलं. पडशील म्हटलं."

"मतलब?"

"गिर जाएगी."

"तो गिर गई. उसने आपकी बात मानी."

शकुबाई घरी आल्या आणि ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. हे वाक्य त्यांच्या आईने त्यांना म्हटलं होतं, झाडावर चढताना. त्यांनी मोनालीला म्हटलं, सायकलवर बसताना. मोनाली तिशीची झाली तरी अजून सायकल शिकलेली नव्हती. गुणवंतराव साधे स्टुलावर चढले तरी त्या खालून हेच म्हणत. मायेशिवाय दुसरं काही नव्हतं त्यात, आणि तरीही त्यांना रडू आलं.

"अवं, रडून काहून राहिली?" गुणवंतराव दारातून म्हणाले.

"तुमी एक फळी करून द्या."

गुणवंतरावांनी दुकानातून जाडजूड फळी आणली. पहिले काही दिवस ती अंगणात गोधडीवर सपाट पडून असायची आणि ढेमसीचं संध्याकाळचं जेवण तिच्या टोकाशी, घासाघासाने. मग खाली लोखंडी पाइप आला. फळी बोटभर हलायची, मग वीतभर. ढेमसी जेवत असताना गुणवंतराव परात वाजवायचे, आधी अंगणाच्या पार पलीकडून, मग हळूहळू जवळून. ती दचकली की थांबायचे, ती परत ताटलीकडे वळली की पुन्हा सुरू. गल्लीला वाटलं, दोघांचंही डोकं फिरलं.

शकुबाईंचं काम सगळ्यात अवघड होतं. गप्प राहायचं. ते काही जमेना, तेव्हा त्यांनी पदराचं टोक दातात धरलं. फळी कलायला लागली की त्या पदर चावायच्या. होळीनंतरच्या एका संध्याकाळी ढेमसीने स्वतःहून फळी खाली आदळली, आवाज ऐकला, क्षणभर विचार केला आणि परत मागे जाऊन पुन्हा आदळली. शकुबाई दुसऱ्याच दिवशी तिवारीजींना म्हणाल्या, "नाव लिख लो हमारा."

त्या स्पर्धेची ही आजची सकाळ. ढेमसीला अर्धं उकडलेलं अंडं देऊन शकुबाईंनी स्वयंपाकघर बंद केलं होतं. तिच्या पोटात एवढंच म्हणून स्वतःही चहावरच निघाल्या.

शहरातल्याच गोरखपूर भागातल्या शाळेच्या मैदानावर कोली जातीचे कुत्रे होते, शेपर्ड होते, पार्लरमध्ये जाऊन आलेल्यासारखे दिसणारे दोन पूडल होते. ढेमसीचा नंबर लागला. साडीला जागोजागी पिना मारलेल्या, पायात मोनालीचे जुने बूट, अशा शकुबाई तिच्यासोबत धावल्या. पहिली उडी साफ. दुसरी साफ. बोगद्यातून ढेमसी बाणासारखी निघाली. खांबांमधून अशी नागमोडी गेली की मागच्या वेळी हसलेल्यांपैकी कोणी असेल तर त्याने डोळे चोळले असतील. हलकं पोट काय असतं ते शकुबाईंना तेव्हा कळलं.

मग फळी.

ढेमसी चढली, मध्यावर आली आणि थांबली.

शकुबाईंच्या गळ्यापाशी ते वाक्य येऊन उभं राहिलं, आईचं, आजीचं, साऱ्या घराण्याचं. त्यांनी पदर चावला. कुत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. फळीच्या टोकापाशी जाऊन त्या ताठ उभ्या राहिल्या आणि समोरच्या पुढच्या उडीकडे बघत राहिल्या, जणू तिथे जाणं आता ठरलेलंच होतं.

ढेमसीने एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. फळी कलली आणि धाडकन आदळली. ती हलली नाही. चारही पाय रोवून क्षणभर तिथेच राहिली आणि मग अशी सुटली की शकुबाई मागे पडल्या. शेवटची उडी तिने गरजेपेक्षा हातभर उंच मारली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिवारीजींनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले गुणवंतराव दोरीपलीकडून ओरडत होते, "आमची हाये! आमची हाये ते!"

कडुनिंबाच्या सावलीत शकुबाईंनी डबा उघडला. भात, उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. ढेमसीने डबा चाटून लख्ख केला, पाणी प्याली आणि शकुबाईंच्या पावलावर डोकं टेकून झोपी गेली.

भोंगा डोक्यावरच होता. "ओपन वर्ग, द्वितीय स्थान, ढेमसी! हँडलर श्रीमती शकुंतला वानखडे, कृपया मंच पर आएँ!"

शकुबाईंना आजवर कोणी मंचावर बोलावलं नव्हतं. मोनालीच्या शाळेत बक्षीस होतं तेव्हाही त्या मागे भिंतीशी उभ्या होत्या.

"अवं, ऊठ ना," गुणवंतराव म्हणाले. "तुलेच बोलावून राहिले."

"तुमी जा."

"मी? मी काय केलं?"

"जा म्हणते ना. झोपली हाये ते."

गुणवंतराव शर्ट खोचत निघाले. मंचाजवळच्या बँडने ढोल बडवायला सुरुवात केली. ढेमसीचा उभा कान जरासा हलला आणि स्थिर झाला. शकुबाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी पाय हलवला नाही.