एक वाजून दहाचा फोन

नंबर माझ्याच घरचा होता.

मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. नंबर तोच. लाल पेन्सिल कागदावरून खाली सरकवत नेली, तर दोन मिनिटांनी पुन्हा तोच नंबर, आणखी दोन मिनिटांनी पुन्हा तोच. दुपारी एक वाजून दहा, बारा आणि चौदा. तिन्ही वेळा एकेक मिनिट. फोन करणारं टेबल, २४७. भिंतीवरची यादी बघायला मी उठलोसुद्धा नाही, कारण ती यादी माझ्याच हातची आहे. २४६ आणि २४७, नक्षा विभाग. आणि नक्षा विभाग म्हणजे अत्तर.

अत्तर हे त्याचं खरं नाव नाही, पण तो जिन्यावरून गेला की पाच मिनिटं जिना घमघमतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. चाळिशीचा आहे, केस अजून काळे, आणि बायकांशी बोलताना मान थोडी तिरकी करतो. एकदा कसलासा कागद द्यायला माझ्या घरी आला होता. जाताना हिला म्हणाला, "वहिनी, असा चहा कुठे मिळत नाही." साध्या चहाला कुणी इतकं म्हणतं का? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

माझं काम काय ते सांगायला हवं. बावीस वर्षं मी या कंपनीत टेलिफोनचा कारकून आहे. जिन्याखालच्या खोलीत कपाटाएवढं एक्स्चेंज आहे. कुणीही बाहेर फोन लावला की ते एक ओळ लिहून ठेवतं: तारीख, वेळ, कुठलं टेबल, कुठला नंबर, किती मिनिटं. या ओळी शेजारच्या राखाडी डब्यात साठतात, आणि कामाच्या दिवशी रोज ठरल्या वेळी तो डबा टेलिफोनच्या लाइनीवरूनच त्या हेड ऑफिसला धाडतो. तिकडे त्यांची विभागवार बिलं बनतात. माझ्याकडे राहतो तो छापलेला कागद. रोज सकाळी तो वाचायचा, वावगं दिसेल तिथे लाल रेघ मारायची आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. आजवर फक्त परगावचे फोन छापले जात. नवे साहेब आले आणि म्हणाले, गावातले पण छापा. त्या हुकुमाचा हा पहिलाच कागद होता.

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. रोज तीनशे ओळी वाचणाऱ्या माणसाला कोण कुणाला काय सांगून कुठे फोन करतो हे कळतं, आणि एकदा कळलं की माणूस पूर्वीसारखा राहत नाही. तसा मी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. एक्स्चेंजला समोरच्याने फोन उचलला की नाही हे कळत नाही. नंबर फिरवून वीस सेकंद झाली की ते बोलणं सुरू झालं असं धरून चालतं. मागे स्टोअरकीपरच्या नावावर एकाच परगावच्या नंबरचे सहा फोन निघाले. तो शपथेवर सांगत होता की तिकडे कुणी उचललाच नाही, घंटा नुसती वाजत होती. तो खरं बोलत होता हे फक्त मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो. म्हटलं, थोडा धाक असलेला बरा.

तर त्या सकाळी मी त्या तीन ओळींवर रेघ मारली नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि साहेबांना सांगितलं, प्रिंटर अडकला होता. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कागद लपवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन ओळी. तिसऱ्या दिवशीही. आणि तिन्ही दिवस त्या तीन ओळींनंतर लगेच २४७ वरून हेड ऑफिसच्या बाजूचा एक नंबर. म्हणजे आधी माझ्या घरी गुलुगुलु आणि मग कंपनीचं काम. काय निर्ढावलेला माणूस! चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोळीभाजीचा डबा हातात घेऊन मी नक्षा विभागाच्या दारात उभा राहिलो. एक वाजून बारा मिनिटांनी अत्तर जागेवर नव्हता. खाली फाटकापाशी सिगारेट ओढत होता. तरीही दुसऱ्या सकाळी कागदावर तीन ओळी होत्याच. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी मात्र ताळा बसवला: एक्स्चेंजचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे, तेव्हा खरी वेळ एक वाजून सहा ते दहा. आपलं काम उरकूनच तो खाली गेला असणार.

एकदा संशय आला की जुन्या गोष्टी आपोआप पुढे येतात. घरात आम्ही दोघंच. मुलगी सासरी दूर. ही पूर्वी रोज दुपारी ताईकडे जायची. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. वर्षभर अंथरुणाला खिळून होती, मुलगा दिवसभर कामावर, आणि जेवायची ती फक्त हिच्या हातून. एक वाजता भरवायचं आणि चार वाजेपर्यंत उशाशी बसायचं, असा हिचा नेम. मध्येच कधीतरी हिने तो मोडला. साडेअकरालाच भरवून साडेबारा, पाऊण वाजता घरी परतू लागली. विचारलं तर म्हणाली, घरी कामं असतात. दोन माणसांच्या घरात कसली आली आहेत एवढी कामं? ताई गेली त्या दिवशीसुद्धा ही तिच्याजवळ नव्हती. ताई दुपारी दीडच्या सुमाराला गेली, एकटी, आणि ही तेव्हा आमच्या घरी होती. सख्खी बहीण शेवटच्या घटका मोजत असताना कुणाच्या फोनसाठी घरी पळत आली होती ही? हा विचार मी केला. खोटं कशाला बोलू, चांगला तीन-चार रात्री केला.

आणखी एक आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वी हिने मला विचारलं होतं, "आज दुपारी फोन केला होतात का?" मी म्हणालो होतो, "का? कुणाचा यायचा होता का?" त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. आता वाटलं, खाई त्याला खवखवे. चाचपून बघत होती मला.

त्या संध्याकाळी मी आडून विचारलं, दुपारी काय केलंस म्हणून.

"घरीच होते."

"दिवसभर?"

तिने हातातला टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "दिवसभर. तुम्हाला माहीतच आहे की."

मला हा उद्धटपणा वाटला. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता डोकं दुखतंय म्हणून साहेबांना सांगितलं आणि निघालो. पावणेएकला घरी. दार तिने उघडलं. बरं नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, बरं आहे, सहज आलो. इतक्या वर्षांत मी सहज म्हणून दुपारी घरी कधी आलो नव्हतो, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिने पाणी दिलं आणि आत भांडी आवरायला गेली.

फोन आमच्या पुढच्या खोलीत, कोपऱ्यातल्या तिवईवर. तिवईशेजारी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची होती. ती तिथे कधीपासून आली मला आठवेना. खुर्चीवर उशी होती, मधोमध दबलेली. शेजारच्या खिळ्याला हिची विणकामाची पिशवी. म्हणजे रोज बसायची सोय केलेली. आता पुरावा आणखी काय हवा? मी समोर बसलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

एक वाजून सहा मिनिटांनी फोन वाजला.

ती हात पुसत बाहेर आली, रोजच्या सवयीने फोनकडे दोन पावलं टाकली आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं. फोन वाजत होता.

"उचल," मी म्हणालो.

"तुम्ही तर इथे आहात," ती म्हणाली.

मला ते वाक्य कळलंच नाही. मी उठलो आणि रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे काही नाही. मग एक बारीक शिट्टी. थोडं थांबून पुन्हा शिट्टी. पुन्हा थांबून पुन्हा. माणसाचा आवाज नव्हता तो, पण माझ्या ओळखीचा होता. आठ महिन्यांपूर्वी राखाडी डबा बसवला, तेव्हा जिन्याखालच्या खोलीत अर्धा तास मी तो ऐकला होता.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"डबा," मी म्हणालो.

डबा बसवायला आलेल्या मेकॅनिकला एक रिकामी लाइन हवी होती. नक्षा विभागाची २४७ कुणी वापरत नव्हतं, ती मीच त्याला दिली, आणि यादीत खोडायची राहिली. हेड ऑफिसची लाइन त्या दिवशी तयार नव्हती. तो म्हणाला, डबा फोन लावतो का ते बघायला एखादा गावातला नंबर सांगा. मी माझ्या घरचा सांगितला. घरी कुणी नव्हतं, ही ताईकडे होती, घंटा वाजली, आम्ही दोघं खूश झालो. पुढे त्याने हेड ऑफिसचा नंबर घातला तो खाली, दुसऱ्या जागी. पहिल्या जागी माझं घर राहिलं. डबा रोज आधी माझ्या घरी तीनदा लावायचा, आपल्यासारखं यंत्र सापडलं नाही की मग हेड ऑफिसला. कागद तिकडे वेळेवर पोचत होते, म्हणून कुणी विचारलं नाही. हे सगळं मला तिथे उभ्याउभ्याच उमगलं. साप साप म्हणून मी आठवडाभर भुई धोपटत होतो.

मी तिला सांगायला लागलो. ती खुर्चीवर बसली, उशी न सरकवता.

"एक दिवस ताईकडे जायला उशीर झाला, तेव्हा पहिल्यांदा उचलला. मला वाटायचं तुम्हीच करता," ती म्हणाली. "मी घरात आहे का ते बघायला. बोलत नाही, नुसतं ऐकता. शिट्टी तुमच्या ऑफिसातल्या कसल्या मशीनची असेल. तीनदा करता, म्हणजे मधे मी कुठे जाऊ नये."

"मी असं करेन?"

फोन दुसऱ्यांदा वाजला. आम्ही दोघांनी तो वाजू दिला.

"एकदा विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलं होतं."

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. जमिनीकडे बघत मी उभा राहिलो. ती मात्र बोलत राहिली, रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"ताई त्या दिवशी म्हणाली, आज बस ना जरा. माझं मनगट धरलं होतं तिने. मी म्हटलं, साडेबारा वाजले, मला जायला हवं. तिची बोटं एकेक करून सोडवली मी."

तिसऱ्यांदा फोन वाजला. तो थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती. मग उठून आत गेली आणि उरलेली भांडी लावू लागली.

दुसऱ्या सकाळी मेकॅनिकला बोलावलं. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती: चाचणीसाठी, आणि पुढे माझ्या घरचा नंबर, माझ्याच अक्षरात. मेकॅनिक हसत म्हणाला, वहिनींना आठ महिने फुकट त्रास झाला की हो. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पाच मिनिटांत त्याने नंबर पुसला. मी यादीतलं २४७ खोडलं. स्टोअरकीपरच्या टेबलाशी जाऊन त्याला सांगितलं की तुझे ते सहा फोन कुणी उचलले नव्हते हे मला ठाऊक होतं.

घरी गेल्यावर हिला म्हटलं, आता पुन्हा तो फोन येणार नाही.

"नक्की?"

"नक्की."

त्यापुढच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलाशी बसून राहिलो. एक्स्चेंजच्या घड्याळात एक वाजून दहा झाले. डबा किणकिणला, सरळ हेड ऑफिसला लागला. आणि मी काय केलं, तर रिसीव्हर उचलून घरचा नंबर फिरवला. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. काहीतरी बोलायचं होतं, ताईबद्दल, जे समोर उभं राहून जमलं नव्हतं. की ती घरात आहे का ते बघायचं होतं? तेही असेल. आठ महिने तिने ज्या फोनचा आळ माझ्यावर घेतला, तो फोन शेवटी मी केलाच. घंटा वाजत राहिली. मी मोजत नव्हतो. पुष्कळ वेळाने खाली ठेवला.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती नुकतीच आली होती, पायांवर धूळ होती. कुठे गेली होतीस, हा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला आणि मी तो गिळला. तिनेही सांगितलं नाही. तिवईशेजारची खुर्ची परत स्वयंपाकघरात गेली होती.

सकाळी नेहमीसारखा कागद वाचला. माझ्या टेबलाचा नंबर, माझ्या घरचा नंबर, एक वाजून अकरा, दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी त्यावर स्वतःच लाल रेघ मारली आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी रेघ बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"घरी बोलत होतात वाटतं?"

"हो," मी म्हणालो, आणि खाली सही केली.